दोन दिवे, सतरा नारळ

सोमवार, ५ नोव्हेंबर १९७३. पहाटे ५ वाजून १० मिनिटे.

मी बार्जच्या नाळीवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, अनवाणी उभा राहून नारळाची शेंडी नीट करत होतो. घड्याळ इंजीन चालवणाऱ्या गोकुळदास ड्रायव्हरचं आहे आणि ते चार मिनिटं पुढे असतं. तेव्हा खरी वेळ ५ वाजून ६ मिनिटे. नव्या वहीची सुरुवात चुकीच्या वेळेने नको.

आज माझी बार्जवरची पहिली फेरी. साखळी गावातल्या पंख्यांच्या मोटारी गुंडाळायच्या दुकानातून मला काढलं त्याला दीड महिना झाला. (पंखा उलटा फिरला, ही गोष्ट खरी. पण फिरला.) मॅनेजर रामचंद्रबाबांनी मला तात्पुरता इलेक्ट्रिशियन म्हणून घेतलं आहे. सातवी पास व आठवी अर्धी हे मी अर्जात स्पष्ट लिहिलं होतं. 'इलेक्ट्रिशियन' हा शब्द अर्जात बिनचूक होता, म्हणून घेतला असं ते म्हणाले.

काम असं. आमची बार्ज डिचोलीच्या बाजूने खनिज माती भरून नदीने मुरगावला नेते. इंजीनखोलीत विजेचा बोर्ड आहे. त्यावर बारा स्विच आणि दोन छोटे दिवे. हे दिवे उजेडासाठी नाहीत. दोन्ही सारखे मिणमिणत असले म्हणजे वीज आपल्या तारांत आहे. एक मंदावला आणि दुसरा लखलखला, की कुठेतरी वीज बार्जच्या लोखंडात गळते आहे. एक गळती असेपर्यंत काही होत नाही. दुसरी झाली की आग. म्हणून पहिली शोधायची.

मी नारळ काढला तेव्हा तांडेल बाबलीमामा सुकाणूवरून ओरडले, "आरे, ह्या वर्साचो नारळ दसऱ्याक फोडलो मरे!" मामा पार्से गावचे. तीस वर्षं नदीवर आहेत.

मी म्हटलं, "मामा, तो बार्जचा. हा माझ्या नोकरीचा."

बार्जचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, विठू खालून चहा घेऊन येत होता. तो सावंतवाडीकडचा, बोलायला कधी मागे नसतो. म्हणाला, "फोडूंदे मामानू. खोबऱ्याक कोण नाय म्हणता?"

नाळीवर दोर बांधायचा लोखंडी खुंटा आहे, त्यावर फोडला. तिसऱ्या घावाला फुटला. पाणी जरासुद्धा नदीत वाया गेलं नाही, सगळं खुंट्यावरून खाली मुरलं. शुभ लक्षण. खुंट्याला कुंकू लावलं. शेजारच्या काठीवर नाळीचा दिवा जळतो, तो आता देवाचा दिवा समजून रात्रंदिवस जळत ठेवायचा असं मनात ठरवलं.

५ वाजून ४० मिनिटांनी खाली गेलो. डावा दिवा मंद. उजवा लखलखीत.

पहिल्याच दिवशी.


मंगळवार, ६ नोव्हेंबर

काल लिहायला वेळ झाला नाही. सगळं सविस्तर लिहितो.

गळती शोधायची रीत मला ठाऊक आहे. एकेक स्विच बंद करायचा आणि दोन दिव्यांकडे बघायचं. ज्या स्विचला दोन्ही दिवे सारखे होतील त्या वाटेवर गळती. मी घाई केली नाही. आधी पट्टीने तक्ता आखला. मग प्रत्येक स्विच बंद करून चाळीस मिनिटं वाट पाहिली, म्हणजे चूक नको. अकरा स्विच तपासले. बारावा नाळीच्या दिव्याचा. तो देवाचा म्हणून विझवला नाही.

सात स्विच झाले तरी फरक नाही. आठवा भोंग्याचा. तो बंद करून मी तक्त्यात वेळ लिहिली, वर बघतो तर दोन्ही दिवे सारखे! तेव्हा सकाळचे ११ वाजले होते, पत्रा इतका तापला होता की नाळीवर पाय ठेववत नव्हता. पण मला आनंदाने ऊन कळलं नाही.

गळती भोंग्यात आहे.

बार्जवरच्या तारांच्या पेट्याही मोजल्या. चौतीस आहेत. तेहतीस उघडून पाहिल्या. एक राहिली, ती खुंट्याच्या बुडाशी. रंगाचे थर चढून झाकण बसलं आहे, आणि आता तिथे कुंकू आहे. हातोडी घेऊन जाणं बरं दिसत नाही.

विठूने खोबरं घालून तोंडल्यांची भाजी केली. चांगली झाली होती.


गुरुवार, ८ नोव्हेंबर

पहाटे पुन्हा नारळ फोडला, भोंग्याच्या दुरुस्तीला यश यावं म्हणून. मग भोंगा उतरवून त्याचे सतरा भाग वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले. त्यात गळती दिसली नाही. परत जोडताना एक भाग उरला.

बाबलीमामांनी वळणावर दोरी ओढली. भोंगा वाजला नाही.

"सगुण! भोंगो खंय?"

"मामा, तो सुटा आहे."

"सुटो? आरे, सोळा सतरा होड्यो येतत फुडल्यान! हांव कितें तोंडान वाजवूं?"

शेवटी विठूने जेवणाची थाळी आणि पळी घेतली आणि नाळीवर उभा राहून वाजवू लागला. प्रत्येक वळणावर वाजवली. फेरीबोटीतल्या बायकांनी हात जोडले. एका होडीतला मासेमार ओरडला, "आरती कोणाची रे?" विठू म्हणाला, "इलेक्ट्रिशियनाची!"

पळी वाकली. ती मी भरून देईन असं सांगितलं.

डावा दिवा ५ वाजून ३५ मिनिटांनी मंद झाला होता. भोंगा तर सुटा होता. मग गळती भोंग्यात कशी? ११ वाजता दिवे आपोआप सारखे झाले.


शनिवार, १० नोव्हेंबर

बार्ज धक्क्यालाच. माती भरायला आली नाही. नारळ नाही, फेरी नाही. दोन्ही दिवे दिवसभर सारखे. नोंदवण्यासारखं काही नाही.


सोमवार, १२ नोव्हेंबर

एक नारळ कमी पडत असावा. आज दोन फोडले. धक्क्यावर शेवंतीमावशीचं नारळांचं दुकान आहे, म्हणजे चार पेट्या आणि वर गोणपाट. पाऊण रुपयाला एक. मी प्रत्येक नारळ कानाशी हलवून घेतो. ज्यात पाणी भरपूर तोच देवाला.

मावशी म्हणाल्या, "शाणो चेडो. देवाक पाणयाचोच नारळ दिवचो."

दिवा ५ वाजून २५ मिनिटांनीच गेला. पूर्वीपेक्षा लवकर, आणि जास्त मंद. तक्ता घेऊन बसलो. या वेळी उलट क्रमाने तपासलं, म्हणजे पक्षपात नको. पावणेबारा वाजता मामांच्या खोलीतल्या पंख्याचा स्विच बंद केला आणि दिवे सारखे झाले.

म्हणजे गळती पंख्यात.

पंखा उघडला, पुसला, जोडला. आता तो वारा मागच्या भिंतीवर टाकतो. मामांनी उशी भिंतीकडे केली.

विठूने आज नारळाच्या रसातलं बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, केलं. गोकुळदास ड्रायव्हर एरवी इंजीनजवळ बसून फक्त जांभया देतो. तो तीन वेळा भात घेऊन म्हणाला, "ही गळती बरी मरे. गेल्या इलेक्ट्रिशियनाच्या वेळार आमी पाणयाळी दाळ खातालों."

मी म्हटलं, "गोकुळदासबाब, आग लागू शकते."

"लागूं दी. पोट भरून लागूं दी."


बुधवार, १४ नोव्हेंबर

दोन नारळ, दोन्ही उधारीवर. संशय: स्वयंपाकघराचा दिवा. उतरवला. विठूने अंदाजाने मीठ घातलं, दोनदा. गळती त्यातही नाही. दिवा पुन्हा लावला.

पाऊस जाऊन महिना झाला. नदीला लाटा नाहीत. पाण्याचा प्रश्नच नाही, एवढं तरी खात्रीने लिहितो.


शुक्रवार, १६ नोव्हेंबर

साखळीहून मॅनेजर रामचंद्रबाब स्वतः धक्क्यावर आले. पांढरा सदरा, हातात कागद.

"२४ तारखेला, शनिवारी, बोटी तपासणारा सर्वेअर येणार. सगळं बघेल, पण पहिले ते दोन दिवे बघेल. दिवे सारखे दिसले तर बार्ज पास, तू कायम. नाहीतर बार्ज बांधून ठेवावी लागेल, आणि तू लाटंबार्सेची, तुझ्या गावची, बस पकड. काजूच्या बिया वेचायला माणसं लागतातच."

"मी शोधतो आहे, रामचंद्रबाब."

"भोंगा कुणी मोडला?"

विठू मागून म्हणाला, "रामचंद्रबाब, पोर भक्तिमान आसा. रोज नारळ फोडता."

"मग देऊळ बघा त्याला," मॅनेजर म्हणाले आणि गेले.

आज तीन नारळ, तेही उधारीवर. खुंट्याला जास्वंदीचं फूल. नाळीवर मुंग्यांची मोठी रांग लागली होती, थेट खुंट्याच्या बुडाकडे जात होती. नैवेद्य मुंग्यांना तरी पोचतो हे बघून मनाला बरं वाटलं.

दिवा: ५ वाजून १८ मिनिटांनी मंद. सारखा: पाऊण वाजता. जेवण: सोलकढी, चण्याची उसळ, खोबऱ्याच्या वड्या.


रविवार, १८ नोव्हेंबर. लाटंबार्से.

घरी आलो. आईने, म्हणजे देवकीने (पूर्ण नाव लिहिणं बरं), वाड्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की सगुण बार्जवर साहेब झाला. शेजारची शालिनीवहिनी विचारत होती, टोपी मिळते का.

गळतीचं रात्रीपर्यंत मनात ठेवायचं ठरवलं होतं, पण जेवतानाच सांगून टाकलं. आई म्हणाली, "गळता म्हणजे कितें गळता?"

मी तिला शेताचं उदाहरण दिलं. म्हटलं, समज वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, शेताला दहा वाफे आहेत आणि बांधाची मेर कुठेतरी फुटून पाणी खाली चाललं आहे. तर एकेक वाफ्याचं तोंड बंद करत जायचं.

आई म्हणाली, "आनी जंय पाणी दिसूंक नजो थंय पाणी दिसलें, जाल्यार?"

"दिसू नये तिथे पाणी दिसलं, तर?"

"तर पयलीं पळोवचें, वयल्यान कोण ओतता तें."

मी तिला समजावलं की वरून कोण ओततं हे बघायला वीज म्हणजे पाणी नव्हे, दोन्हींत फार फरक आहे. ती म्हणाली, बरं बाबा, आणि मला आणखी आमटी वाढली. जाताना पदराच्या गाठीतले सव्वादोन रुपये दिले. नोकरीचं खरं तिला पुरतं सांगितलं नाही.


मंगळवार, २० नोव्हेंबर

चार दिवस उरले. आज मोठा उपाय केला.

बाबलीमामा म्हणाले, सुटे सुटे नारळ फोडून देवाला कळत नाही, गाऱ्हाणं घालावं लागतं. मामा पार्सेच्या देवळात गाऱ्हाणं घालतात, त्यांचा आवाज नदीपलीकडे जातो. पाच नारळ (उधार) खुंट्यापुढे मांडले. सगळे टोप्या काढून उभे राहिलो. इंजीन चालू ठेवून गोकुळदाससुद्धा वर आला.

मामा म्हणाले, "बा देवा म्हाराजा! ह्या न्हंयच्या राखणदारा! आज हो जो लाटंबार्सेचो सगुण तुज्या पायांक लागलासा..."

"व्हय म्हाराजा!"

"...तेणें भोंगो मोडलो, पंखो उरफाटो केलो, ता तू पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"...ही गळती खंय आसा ती तेका दाखय, तेची नोकरी राख, आनी गळती सापडली तर हो पोर तुका ह्याच नाळीर एकवीस नारळ फोडतलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठ्याने विठू.

मी मामांना अकरा सांगितले होते. गाऱ्हाण्याच्या आधी विठू त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत होता. पण एकदा देवासमोर गेलेला आकडा बदलता येत नाही.

पाचही नारळ एकाच खुंट्यावर फोडले. पाणी एवढं झालं की कुंकू वाहून गेलं. ते पुन्हा लावलं.

खाली गेलो. डावा दिवा मंद नव्हता. तो पूर्ण विझला होता. उजवा असा जळत होता की बघवेना. आमच्या दुकानातले उस्ताद म्हणायचे, दिवा पुरता विझला म्हणजे तार थेट लोखंडाला लागल्यासारखी.

एवढं गाऱ्हाणं घालूनही. मी इंजीनखोलीत तेलाच्या डब्यावर बसून थोडा वेळ रडलो. गोकुळदासने जांभई देता देता पाठीवर हात ठेवला. जांभई मात्र थांबवली नाही.

दुपारी खोबऱ्याचं इतकं होतं की विठूने शेजारच्या बार्जवरही पाठवलं. तिथला भंडारी विचारत होता, तुमच्याकडे लग्न आहे का.


गुरुवार, २२ नोव्हेंबर

शेवंतीमावशींनी उधार बंद केली. म्हणाल्या, "धा नारळ जाले, पुता. देव थांबता, हांव थांबूंक शकना."

आईचे सव्वादोन रुपये शनिवारसाठी राखून ठेवले आहेत. म्हणून आज पहिल्यांदाच नारळाशिवाय फेरी केली.

दिवसभर दोन्ही दिवे सारखे राहिले. मुरगावला सारखे, परत येताना सारखे. पण मला चैन नाही. देवाने आमच्याकडे बघणंच सोडलं असावं. या शांततेवर माझा विश्वास नाही.

विठूने पाण्यासारखी डाळ केली आणि माझ्याकडे न बघता वाढली.

राजीनाम्याचा मसुदा लिहिला. 'विनंतिपूर्वक' की 'विनंतीपूर्वक' यावर अर्धा तास गेला. पहिलं बरोबर.


शनिवार, २४ नोव्हेंबर. दुपारी ३.

घाईत लिहितो आहे. अक्षर वाईट येईल. क्षमा.

सकाळी नऊला सर्वेअर आले. साठीचे, बुटके, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. मॅनेजर मागे छत्री घेऊन. साहेबांनी थेट बोर्ड बघितला. दोन्ही दिवे सारखे होते. भोंगा वाजवायला सांगितला. मी तो उरलेला भाग काल बसवला होता, भोंगा वाजला, जरा बारीक. साहेबांनी पेन काढलं.

मला भरून आलं. मी म्हटलं, "साहेब, सही करण्याआधी नारळ फोडू? आमची पद्धत आहे."

"फोड ना," ते म्हणाले. "त्यात काय."

आईच्या पैशांतून आणलेल्या तीन नारळांतला पहिला फोडला. पाणी खूप होतं. मी निवडूनच आणला होता.

तेवढ्यात खालून गोकुळदास ओरडला, "गेलो! गेलो रे! दावो गेलो!"

डावा दिवा गेला होता. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मॅनेजरांनी छत्री मिटली, मला वाटलं मारतात.

साहेब म्हणाले, "हे कधीपासून होतं? काही लिहून ठेवलंय?"

माझ्याकडे दोन वह्या असतात. एक गळतीची, एक नारळांची. (ही तिसरी, खासगी.) घाबरून मी त्यांना नारळांची दिली. त्यांनी ती वाचली. मी चूक लक्षात येऊन दुसरी दिली. त्यांनी तीही वाचली. मग दोन्ही वह्या माती भरायच्या खणाच्या झाकणावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकेका ओळीवर दोन बोटं ठेवत खाली गेले. मोठ्याने वाचत होते.

"पाच तारीख. ५:१० नारळ एक. ५:४० दिवा मंद. आठ तारीख. नारळ एक, दिवा मंद. दहा तारीख. नारळ नाही, दिवे सारखे. बारा. नारळ दोन, पाणी भरपूर असे शेरे. दिवा जास्त मंद. वीस. नारळ पाच, दिवा विझला. बावीस. नारळ नाही, दिवे सारखे." चष्मा काढला. "हे सगळं तूच लिहिलंस?"

"हो साहेब. मिनिटांत चूक असेल तर घड्याळाची. ते चार मिनिटं पुढे आहे."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "नाळीच्या दिव्याचा स्विच बंद कर."

"साहेब, तो देवाचा दिवा."

"बाळ, बोर्डावर बारा स्विच. तू अकरा तपासलेस. देवाने बाराव्यात राहायचं ठरवलं तर तू त्याला शोधणार कसा?"

मी खाली बोर्डाकडे जाऊन, मनात क्षमा मागून बारावा बंद केला. दिव्यांपाशी उभा गोकुळदास वर ऐकू जाईल असा ओरडला, "सारके!" चालू केला. "गेलो!" बंद. "सारके!" गोकुळदासला इतकं जागं मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेब बूट काढून नाळीवर गेले. बूट काढले हे बघून मामा खूश झाले. खुंट्याच्या बुडाची पेटी त्यांनी छिन्नीने उघडायला लावली. आत खोबऱ्याचे तुकडे, काथ्या, जास्वंदीची पाकळी, हिरवी पडलेली तार आणि मुंग्यांचं अख्खं गाव. झाकणाचं रबर कुजून गेलं होतं. ऊन चढलं की आतलं सुकत असे, असं साहेब म्हणाले.

पेटी पुसून वाळवली, तार खरवडून नवी जोड दिली. हे मी एकट्याने केलं, साहेब फक्त बघत होते. एकदा म्हणाले, "हात चांगला आहे." रबर नव्हतं. माझ्या चपला नाळीच्या अलीकडे काढलेल्या होत्या, त्यातल्या डाव्या चपलेचं रबर कापून झाकणाला बसवलं आणि बारावा स्विच पुन्हा चालू केला.

"आता दुसरा नारळ फोड," साहेब म्हणाले.

मला धीर होईना. मामा म्हणाले, "फोड रे, देव आसा." विठू म्हणाला, "फोड रे, जेवण आसा." फोडला. पाणी पेटीवरून वाहून नदीत गेलं. आम्ही सगळे खालच्या आवाजाची वाट बघत उभे.

"सारके," गोकुळदास म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "सारकेच आसत रे!"

साहेबांनी सही केली. मग मॅनेजरांना म्हणाले, "गळती शोधणारे मी खूप बघितले. पहाटे उठून स्वतः गळती घालणारा आणि तिचा मिनिटवार हिशेब ठेवणारा हा पहिलाच. ह्याला सोडू नका. ह्याच्या वहीमुळे माझं दोन दिवसांचं काम वीस मिनिटांत झालं."

म्हणजे माझी वही त्यांना आवडली. स्तुतीचा पहिला अर्धा भाग नीट कळला नाही, पण स्वर चांगला होता.

मॅनेजर म्हणाले, "बरं. कायम." एवढंच. पण विठूसमोर म्हणाले, तेव्हा साक्षीदार आहे.

गळतीच्या वहीत शेवटची ओळ लिहिली: कारण, पेटीचं जुनं रबर. दोष मागच्या इलेक्ट्रिशियनचा.


रविवार, २५ नोव्हेंबर. लाटंबार्से.

आईला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं. म्हणाली, "हांवें कितें सांगिल्लें?" ती शेताबद्दल बोलत होती, पण मी वाद घातला नाही.

एक अडचण मात्र उरते. एकवीस नारळ 'ह्याच नाळीवर' बोलले गेले आहेत. काल निघताना मामांना विचारलं. त्यांनी उरलेला तिसरा नारळ खुंट्यापुढे ठेवून छोटं गाऱ्हाणं घातलं: पोर गरीब, तार नाजूक, तेव्हा जागा बदलून धक्क्याच्या पायरीवर घे म्हाराजा. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. विठूने एवढंच विचारलं, की खोबरं पायरीवर राहणार की बार्जवर येणार. बार्जवर येणार असं ठरलं. रोज एक, म्हणजे जेवण पुरवून पुरवून.

हिशेब, आजपर्यंतचा:

नारळ १७ (फोडले १६, खुंट्यापुढे ठेवला १), दर ७५ पैसे: रु. १२.७५
त्यांपैकी रोख दिले ७ नारळांचे: रु. ५.२५
विठूची वाकलेली पळी: रु. १.५०
कुंकू: २५ पैसे
एकूण खर्च झाला: रु. ७.००
चपलेचं रबर: खर्च नाही. चप्पल एक शिल्लक, उजवी.

देणे, शेवंतीमावशी, नारळ १०: रु. ७.५०
देणे, देव, नारळ २१: रु. १५.७५, पायरीवर, दिवसाला एक याप्रमाणे. मावशींनी उधार पुन्हा सुरू केली तर उद्यापासून.
देणे, बाबलीमामा: पंखा सुलटा करून.